दृष्टीचा आकडा

प्रशासनाचा संसार आकड्यांवर चालतो. उत्पन्नाची मर्यादा, वयाची अट, गुणांची किमान पातळी अशी एखादी रेषा आखल्याशिवाय शासनाला कोणाला काही देता येत नाही आणि नाकारताही येत नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून आणि जवळजवळ तीस वर्षे केंद्र शासनाच्या सेवेत काढलेला अधिकारी म्हणून मी या रेषांच्या बाजूचा आहे. रेषा पुसली की तिच्या जागी साहेबांची मर्जी येते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तथापि प्रत्येक आकड्याला एक पूर्वेतिहास असतो. कोणीतरी, विशिष्ट परिस्थितीत, विशिष्ट गोष्ट मोजण्यासाठी तो तयार केलेला असतो. पुढे आकडा फाइलीत येतो आणि पूर्वेतिहास मागे राहतो. २०२२ साली माझ्या भाचीच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली, त्या निमित्ताने दृष्टीच्या आकड्याचा हा पूर्वेतिहास मला जवळून पाहावयास मिळाला. त्याविषयी हे टिपण.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर इंदूरला गेली. तिचा विवाह आमच्या सख्ख्या आत्याच्या मुलाशी झाला. आमच्या घराण्यात तशी रीतच होती. त्यांची थोरली मुलगी जन्मली ती पांढुरक्या केसांची, गुलाबी कातडीची, फिकट डोळ्यांची. घरातील वडीलधाऱ्यांनी एका क्षणात ‘कोड’ असा निर्णय देऊन टाकला. वास्तविक कोड जन्मानंतर उद्भवते. त्यात त्वचेतील रंगपेशीच नष्ट होतात आणि डाग पडतात. भाचीला होता तो अल्बिनिझम, म्हणजे जन्मजात रंजकहीनता. येथे रंगपेशी जागेवर असतात, पण मेलॅनिन हे रंगद्रव्य त्यांना पुरेसे बनवता येत नाही. त्वचा, केस आणि डोळे या तिन्हींवर परिणाम करणाऱ्या प्रकारात सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही यावे लागते. दोघे वरकरणी निरोगी असतात आणि प्रत्येक अपत्याच्या वेळी ही शक्यता चारात एक इतकी राहते. नात्यातल्या विवाहात दोघांकडे तेच जनुक असण्याचा संभव वाढतो, हे आता सर्वज्ञात आहे. दोष मात्र एकट्या माझ्या बहिणीच्या पदरात टाकला गेला, जणू वडिलांच्या बाजूने काही आलेच नव्हते.

जगात साधारणपणे सतरा ते वीस हजार माणसांमागे एकाला अल्बिनिझम असतो, असा अंदाज सर्वत्र दिला जातो. तो आपल्या एकशे चाळीस कोटींना लावला, तर भारतात अशी सत्तर ते ऐंशी हजार माणसे निघतील. हा केवळ माझा त्रैराशिकाचा हिशेब आहे. २०११ च्या जनगणनेने दोन कोटी अडुसष्ट लाख अपंग व्यक्ती मोजल्या, त्यांपैकी सुमारे पन्नास लाख दृष्टीच्या रकान्यात. परंतु त्या जनगणनेच्या आठ प्रकारांत अल्बिनिझमचे नाव नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकारांची संख्या सातावरून एकवीसवर नेली, त्यातही ते स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे या माणसांना शासनदरबारी एकच दार उरते, आणि ते म्हणजे दृष्टीचा आकडा.

आता या डोळ्यांविषयी. रंगद्रव्याचा संबंध केवळ दिसण्याशी असतो, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. गर्भात डोळा घडत असताना मेलॅनिनची साखळी नीट चालली नाही, तर दृष्टिपटलाच्या केंद्रातील खाच पूर्ण घडत नाही. बारीक अक्षर वाचणे, चेहरा ओळखणे, ही कामे याच खाचेची. शिवाय डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची विभागणीही बिघडते. सामान्य माणसात प्रत्येक डोळ्याचे निम्म्याहून थोडे अधिक तंतू विरुद्ध बाजूस जातात. येथे त्याहून कितीतरी अधिक जातात. त्यामुळे दोन डोळ्यांचा मेळ बसत नाही आणि खोलीचा अंदाज कच्चा राहतो. तिरळेपणा पुष्कळांत असतो. डोळे सतत हेलकावे खातात. डॉक्टर त्याला निस्टॅग्मस म्हणतात. आणि बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यात रंग नसल्याने प्रकाश केवळ बाहुलीतून न येता त्या पडद्यातूनही आत झिरपतो. आत गेलेला प्रकाश शोषून घ्यायला दृष्टिपटलामागेही रंगद्रव्य नसते, म्हणून तो आतल्या आत विखुरतो. आपण ज्याला ऊन म्हणतो, ते या डोळ्यांना धुके होते. माळव्यातील मे महिन्याच्या दुपारी माझी भाची शाळेच्या पटांगणातून भिंतीला हात लावून चालत असे, आणि संध्याकाळी त्याच पटांगणात सरळ पळत असे.

तिच्या डोळ्यांचे हेलकावे एका विशिष्ट दिशेला पाहताना सर्वांत कमी होत. डोळे डावीकडे नेले की ते बरेचसे शांत होत आणि चित्र स्थिरावे. शरीर असा शोध आपोआप लावते. ती चेहरा उजवीकडे वळवून, डोळ्यांच्या डाव्या कोपऱ्यातून जग पाहू लागली. शाळेतील शिक्षकांना वाटे, ही मुलगी आपल्याकडे लक्ष देत नाही. ती पुस्तक नाकाशी धरी, कारण जवळ पाहताना डोळे आत वळतात आणि हेलकावे आणखी मंदावतात, तर घरात सतत ओरडा, “पुस्तक लांब धर, डोळे बिघडतील.” वीस वर्षांच्या वयात तिची मान संध्याकाळपर्यंत आखडून जाई. एम.ए.च्या पहिल्या वर्षात ती स्पर्धा परीक्षांच्या तयारीला लागली, तेव्हा दिवसाचे आठ तास वाचन सुरू झाले आणि मानेचे दुखणे डोळ्यांपेक्षा मोठे झाले.

त्या काळी माझी नेमणूक हैदराबादला होती. बहिणीचा फोन आला, “दादा, तिकडे मोठमोठी डोळ्यांची रुग्णालये आहेत म्हणतात. एकदा दाखवून बघू या का?” मायलेकी दोघी आल्या. तपासणी दोन दिवस चालली. शेवटी शल्यविशारद बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवले आणि शस्त्रक्रियेने काय होते व काय होत नाही, हे इतक्या स्वच्छपणे सांगितले की एखाद्या विभागाने आपल्या योजनेची मर्यादा इतकी स्वच्छ लिहिलेली मी क्वचितच वाचली आहे.

पहिली गोष्ट, दृष्टिपटलावरील न घडलेली खाच कोणतीही शस्त्रक्रिया घडवू शकत नाही. तंतूंची वाटही पूर्ववत करता येत नाही. औषधाचे प्रयत्न झाले आहेत. लेव्होडोपा देऊन पाहिले, तर दृष्टीत सिद्ध होईल असा फायदा दिसला नाही. तेव्हा ‘बरे करणे’ हा शब्द या खोलीत वापरू नये, असे त्या म्हणाल्या.

दुसरी गोष्ट, डोळे शांत राहण्याची जी जागा कोपऱ्यात आहे, ती समोर आणता येते. ही कल्पना १९५३ साली ऑस्ट्रेलियातील अँडरसन आणि न्यूयॉर्कचे केस्टेनबाउम यांनी स्वतंत्रपणे मांडली, म्हणून ती शस्त्रक्रिया दोघांच्या नावाने ओळखली जाते. प्रत्येक डोळ्याला आडवे खेचणारे दोन स्नायू असतात. डोळे डावीकडे ओढणारे स्नायू मागे सरकवून सैल करायचे आणि उजवीकडे ओढणारे आखूड करून ताणायचे, म्हणजे शांततेची जागा नाकासमोर येते आणि मानेला वळण्याचे कारण उरत नाही. रूढ मापे पाच, सहा, सात आणि आठ मिलिमीटरची आहेत. ती अशी वाटलेली की दोन्ही डोळ्यांची बेरीज तेरा-तेरा यावी. मान जास्त वळत असेल, तर मापे वाढवतात. हेलकावे याने जात नाहीत. काहींचे थोडे कमी होतात. तक्त्यावर एखादी ओळ वाढते, काहींची वाढत नाही.

तिसरा प्रश्न भाचीने स्वतः विचारला. तिने कृत्रिम बुबुळाविषयी वाचले होते. सिलिकोनचा रंगीत पडदा डोळ्यात बसवतात आणि झिरपणारा प्रकाश अडवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा एका पडद्याला मे २०१८ मध्ये मान्यता दिली आणि ज्या दोषांसाठी दिली त्यांत अल्बिनिझमचाही उल्लेख आहे. मग तो मला का नको? बाईंनी उत्तर दिले ते मला फार पटले. तो पडदा प्रामुख्याने अशा डोळ्यांसाठी असतो, ज्यांत बुबुळ नाही किंवा जबर इजा झाली आहे, आणि ज्यांचे नैसर्गिक भिंग मोतीबिंदूमुळे काढले आहे किंवा काढायचे आहे. वीस वर्षांच्या मुलीच्या स्वच्छ भिंगाला तो पडदा लागला, तर मोतीबिंदू होईल. आतला दाब वाढला, तर काचबिंदू होईल. मध्यखाच अपुरी असलेल्या डोळ्यात जे थोडे आहे तेही पणाला लावायचे नसते. डोळ्यांचा रंग बदलण्याच्या हौसेने निरोगी डोळ्यांत असे पडदे बसवून घेतलेल्या माणसांची पारपटले आणि दृष्टी गेल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. पुढे वयोमानाने मोतीबिंदू झालाच, तर त्या वेळी भिंगाबरोबर याचा विचार करता येईल. आज चकाकीवर उपाय म्हणजे गडद काचा, कडेने प्रकाश न येऊ देणारी चौकट, रुंद काठाची टोपी आणि हवे असल्यास रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स. यांपैकी कशालाही टाके घालावे लागत नाहीत.

घरी येताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मामा, ऑपरेशन चांगलं झालं तर माझं सर्टिफिकेट जाईल का?”

बहीण चिडली. “असा कसला विचार करतेस? देवाच्या दयेनं नीट दिसू लागलं तर कागद घेऊन काय करायचंय?”

मला मात्र तो प्रश्न अत्यंत योग्य वाटला. अर्थशास्त्राच्या वर्गात असा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी पूर्ण गुण दिले असते. तिच्याकडे चाळीस टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र होते. कायद्याच्या कलम ३४ नुसार चार टक्के आरक्षण आहे, त्यांतील एक टक्का अंध व क्षीणदृष्टी व्यक्तींना. आणि त्याची पात्रता चाळीस टक्क्यांपासून सुरू होते. तिची सगळी तयारी त्या एका कागदावर उभी होती. डोळे थोडे सुधारायचे आणि भविष्य गमवायचे, असा तो सौदा तिला दिसत होता.

रात्री मी केंद्र शासनाच्या ४ जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हा त्याच लागू होत्या. दृष्टीचा तक्ता पाहिला. दोन्ही डोळे ६/६० असतील तर चाळीस टक्के. दोन्ही डोळे ६/२४ असतील तरी चाळीस टक्के. आणि दोन्ही डोळे ६/१८ असतील तर शून्य. वाचकांच्या सोयीसाठी सांगतो, ६/६० म्हणजे निरोगी डोळा जे अक्षर साठ मीटरवरून वाचतो ते या डोळ्याला सहा मीटरवर यावे लागते. ६/६० वरून ६/२४ पर्यंत दोन ओळींची सुधारणा शासनाच्या लेखी काहीच नाही; त्यानंतरची एक ओळ म्हणजे चाळीसवरून थेट शून्य. उतार असायला हवा तेथे कडा आहे. उत्पन्नाच्या मर्यादेच्या काठावर असलेला मनुष्य वेतनवाढ घेताना का कचरतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. फरक इतकाच की येथे काठावर उभे राहण्यासाठी माणसाने आपले डोळे आहेत तसेच ठेवायचे होते.

ही रेषा स्थिर आहे असेही नाही. १९९५ च्या कायद्यात ६/६० किंवा त्याहून कमी दृष्टी म्हणजे अंधत्व होते. २०१६ च्या कायद्याने अंधत्वाची रेषा ३/६० च्या खाली नेली आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. माझी भाची १८ एप्रिलच्या रात्री कायद्याने अंध म्हणून झोपली आणि सकाळी क्षीणदृष्टी म्हणून उठली. डोळे तेच होते.

मग मी तिची जुनी कागदपत्रे पुन्हा वाचली, आणि खरी गंमत तेथे दिसली. रुग्णालयात दोन्ही डोळे उघडे ठेवून, तिच्या सवयीप्रमाणे मान वळवू दिली, तेव्हा ती ६/३६ ची ओळ वाचत होती. मंडळाने दिलेल्या प्रमाणपत्रात प्रत्येक डोळा ६/६० होता. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या. मंडळ नियमाप्रमाणे एकेक डोळा झाकून मोजते. आणि अशा रुग्णांपैकी पुष्कळांचा एक डोळा झाकला की दुसऱ्याचे हेलकावे वाढतात. म्हणजे मोजण्याची क्रियाच मोजायची गोष्ट बदलते.

हा तक्ता कोठून आला, तेही सांगण्यासारखे आहे. हॉलंडमधील उट्रेख्त येथील नेत्रतज्ज्ञ हर्मान स्नेलेन यांनी तो १८६२ साली तयार केला. पांढऱ्यावर ठळक काळी अक्षरे, ठरलेले अंतर, बेताचा प्रकाश आणि वाचायला पाहिजे तेवढा वेळ. चष्म्याचा नंबर काढण्यासाठी याहून सोपे साधन नाही, म्हणून ते दीडशे वर्षांहून अधिक टिकले. पण माझ्या भाचीच्या अडचणी नेमक्या त्या चार गोष्टींच्या बाहेर आहेत. फिकट राखाडी अक्षर, हलती बस, उन्हाने भरलेली खिडकी आणि दोन सेकंदांत बदलणारा फलक. फिकट अक्षरांचा तक्ता १९८८ पासून उपलब्ध आहे; चकाकीने दृष्टी किती घटते, हेही दवाखान्यात तपासता येते. मोजता येत नाही असे नव्हे. मोजायला सांगितलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, मंडळ ज्या रीतीने मोजते त्या रीतीने तुझा आकडा ६/१८ वर जाण्याची शक्यता जवळजवळ नाही. दोन, आणि ही अधिक महत्त्वाची, चाळीस टक्के ही आरक्षणाची पायरी आहे, प्रत्येक हक्काची नव्हे. ‘वाजवी सोय’ हा शब्द कायद्याच्या कलम ३ आणि कलम २० मध्ये आहे आणि तेथे टक्केवारीची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत. तो चाळीस टक्क्यांच्या व्याख्येत बसत नाही म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने तो नकार चुकीचा ठरवला. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र शासनाने चाळीस टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र सूचना काढल्या.

तिने सगळे ऐकून घेतले. “म्हणजे ओळ वाढली तरी मी अगदीच उघड्यावर पडत नाही,” ती म्हणाली. “मग मान सरळ करून घेऊ.”

शस्त्रक्रिया ऑक्टोबरात झाली. पूर्ण भूल, दोन तासांच्या आत काम आणि दुसऱ्या दिवशी घरी. डोळे आठवडाभर लालभडक होते. पहिले काही दिवस जिन्याच्या पायऱ्या तिला चुकीच्या जागी वाटत. बहिणीचा जीव टांगणीला लागला होता. मग ते ओसरले. तीन महिन्यांनी तपासणीला दोघी पुन्हा हैदराबादला आल्या. दोन्ही डोळे उघडे, मान सरळ, आणि ६/२४ ची ओळ. एक डोळा झाकून मोजले, तर पूर्वीचेच ६/६०.

घरी मेहुण्यांना फोनवर दुसरा आकडा आधी कळला आणि ते खचले. एवढा खर्च, एवढी भीती, आणि आकडा तोच? भाचीने फोन घेतला. ती म्हणाली, “बाबा, काल मी मामांच्या समोर बसून जेवले. समोर बघून.” त्यापुढे तिने बसचा नंबर, वाचनाचे तास, रात्रीची मान यांचा हिशेब सांगितला, पण मेहुण्यांना पहिले वाक्य पुरेसे झाले.

कार्यालयाला ते पुरेसे नव्हते. मेहुणे ज्या आस्थापनेत काम करतात, तेथे त्यांनी खर्चाच्या प्रतिपूर्तीचे देयक सादर केले. दोन महिन्यांनी आक्षेप आला. शस्त्रक्रियेपूर्वीची आणि नंतरची दृष्टी प्रत्येक डोळ्यात समान असल्याने ही शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धनासाठी केलेली दिसते, असा त्याचा आशय होता. तो कागद मी वाचला आणि लिहिणाऱ्याचा राग आला नाही, कारण त्याच्यासमोर जो रकाना होता तो त्याने प्रामाणिकपणे वाचला होता. परंतु परिस्थिती कशी झाली पाहा. ज्या आकड्यात सुधारणा होईल म्हणून मुलगी घाबरली होती, त्याच आकड्यात सुधारणा झाली नाही म्हणून बापाचे देयक अडले. दोन्ही वेळा आकडा खरा होता, आणि दोन्ही वेळा शस्त्रक्रियेने ज्याला हात लावला त्याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

उत्तराचा मसुदा मी करून दिला. त्यात तीन मुद्दे होते. शस्त्रक्रियेचा हेतू मानेचा कोन कमी करणे हा होता आणि तो कोन आधी व नंतर अंशांत मोजून नोंदलेला आहे. दोन्ही डोळ्यांची एकत्रित दृष्टी मान सरळ ठेवून सुधारली आहे. मानदुखीसाठी आधी घेतलेल्या उपचारांची नोंद आस्थापनेच्याच दप्तरात आहे. शल्यविशारद बाईंचे पत्र सोबत जोडले. सात महिन्यांनी रक्कम मिळाली. ज्या घरात असा मसुदा करून देणारा मामा नसतो, तेथे ती मिळत नाही, हे मला माहीत आहे; आणि प्रशासक म्हणून मला ते सलते.

अमर्त्य सेन यांनी अपंगत्वाच्या संदर्भात दोन अडचणी वेगळ्या केल्या आहेत. एक, कमावण्यातील अडचण. दुसरी, कमावलेल्या पैशाचे चांगल्या जगण्यात रूपांतर करण्यातील अडचण. तेवढ्याच पगारात अशा माणसाला तेवढेच आयुष्य मिळत नाही. आपली व्यवस्था पहिल्या अडचणीसाठी प्रमाणपत्र आणि आरक्षण देते, आणि ते आवश्यकच आहे. दुसरी अडचण मात्र नोकरी लागल्यावर सुरू होते आणि तिच्यासाठी फाइलीत रकाना नसतो.

भाची २०२४ मध्ये एका सरकारी कार्यालयात रुजू झाली. तिला परीक्षेत नियमाप्रमाणे तासामागे वीस मिनिटे अधिक मिळाली होती आणि हलत्या डोळ्यांना ओळखायला जो जास्तीचा वेळ लागतो, तो त्यात बसला. कार्यालयात तिची जागा पश्चिमेच्या खिडकीसमोर आली. दुपारी तीननंतर तिला संगणकाचा पडदा दिसेनासा होई. टेबल फिरवून मिळावे, असा तिने अर्ज केला. त्या अर्जावर चार पातळ्यांवर टिप्पणी झाली. एका पातळीवर तिचे दिव्यांगत्व नेमके किती टक्के आहे, अशी विचारणाही झाली. शेवटी मंजुरी आली आणि दोन शिपायांनी दहा मिनिटांत टेबल फिरवले.

माझ्या सहकारी अधिकाऱ्यांना म्हणून काही साध्या सूचना कराव्याशा वाटतात. अशा कर्मचाऱ्याची पाठ खिडकीकडे येईल असे नव्हे, तर खिडकी त्याच्या बाजूला येईल असे बसवावे. पाठीमागच्या खिडकीचा उजेड पडद्यावर पडतो. संगणकातील भिंग आणि काळ्यावर पांढरी अक्षरे या सोयी यंत्रातच असतात, त्यांना खरेदी आदेश लागत नाही. ई-ऑफिसवर फिकट झेरॉक्सचे छायाचित्र चढवू नये. मूळ मजकूर चढवावा. बैठकीत आपण बोलण्याआधी नाव सांगावे, कारण टेबलापलीकडचा चेहरा त्याला ओळखू येत नाही आणि तो शिष्ट आहे असा समज होतो. दुपारच्या उन्हातील क्षेत्रीय काम सकाळी द्यावे. टोपी आणि गडद चष्मा कार्यालयातही वापरू द्यावा. यासाठी मंडळ, तक्ता, टक्केवारी, काहीही विचारण्याची गरज नाही. वित्त विभागाची सहमतीसुद्धा लागत नाही.

शस्त्रक्रियेने माझ्या भाचीची मान सरळ केली, आणि तिच्या हाती होते तेवढे तिने केले. खाच घडवणे शल्यविशारदाच्या हाती नाही, तसे ऊन कमी करणे तिच्या हाती नाही. पडदा ओढणे मात्र ज्याच्या दालनात ती बसते त्याच्या हाती आहे. आता ती जेथे बसते तेथे खिडकी उजव्या हाताला आहे. तिच्या फाइली वेळेवर निघतात, असे तिच्या वरिष्ठांनी मध्यंतरी मला एका बैठकीत भेटले तेव्हा सांगितले. तिचे डोळे आता बरे झाले का, असेही त्यांनी विचारले. मी म्हटले, नाही. टेबल बरे झाले.